मोकळा पाइप आणि मोहाची चढण

शेणव्याकडच्या आमच्या गावातून मोठ्या रस्त्याला लागायचं तर एक चढण पार करावी लागते. फार लांब नाही, पण चांगली उभी आहे आणि तिच्या मध्यावर मोहाचं झाड आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या चढणीने माझं डोकं खाल्लं होतं. मुरबाडच्या कारखान्यात जायला मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली होती. मी एकटा असलो की ती कुरकुरत का होईना चढायची. बाबा मागे बसले की मोहापाशी तिचं अवसान गळायचं. मग बाबा उतरायचे आणि उरलेली चढण पायी यायचे.

एरवी हे चालून गेलं असतं. पण त्या हिवाळ्यात बाबांना धाप लागायला लागली आणि दर आठवड्याला त्यांना शहापूरला डॉक्टरकडे न्यावं लागे. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि डॉक्टरकडे पोचायलाच चढ चढावा लागत होता. मी वर गाडी चालू ठेवून उभा राहायचो आणि बाबा दोनदा थांबत, गुडघ्यावर हात टेकत वर यायचे. मला लाज वाटायची. रागही यायचा, पण तो कोणाचा यायचा हे मला सांगता आलं नसतं.

कारखान्याच्या वाटेवर एक मेकॅनिक होता. त्याने माझी कहाणी ऐकली, सायलेन्सरवर पान्ह्याने दोन टोले मारले आणि म्हणाला, "इंजिनला श्वासच घेता येत नाय. मोकळा पाइप लाव, मग बघ ओढ." घरात रोज धाप ऐकणाऱ्या माणसाला श्वासाची गोष्ट लगेच पटते. मी त्याच दिवशी जुना सायलेन्सर काढून कॅरियरला बांधला आणि मोकळा पाइप लावून किन्हवलीमार्गे घरी निघालो. काय तो आवाज! रस्त्यावरची माणसं वळून बघत होती आणि गाडी दुप्पट पळतेय अशी माझी खात्रीच झाली. घरी पोचलो तर आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि गाडीचं काय मोडलं म्हणून विचारू लागली.

पुढच्या फेरीला मी ऐटीत चढणीला लागलो. पायथ्याशीच मूठ पिळली, तशी गाडी एकदम हलकी होऊन सुटली. ताकद, ताकद म्हणतात ती हीच, असं मनात येतंय तोवर मागे पाहिलं. बाबा खाली रस्त्यावर उभे होते. गाडी गोगलगायीच्या चालीवर होती तेव्हाच ते उतरले होते.

मी परत खाली गेलो आणि जरा चढ्याच आवाजात विचारलं, "बाबा, अजून दम होता गाडीत. कशाला उतरलात?"

"एवढी वरडत होती ती," बाबा म्हणाले. "मी काय बसून रावू?"

बाबांचं निम्मं आयुष्य बैलगाडीवर गेलं होतं. चढाला बैल फुसफुसायला लागले की गाडीवरच्या माणसाने उतरायचं, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. मी म्हटलं, बाबा, हे यंत्र आहे, त्याला दुखत नाही. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग मला वेगळाच प्रश्न पडला. इतके दिवस गाडी दमायची म्हणून बाबा उतरायचे, की ती कण्हायला लागली म्हणून? बाबांना घेऊन ती खरोखर बंद पडलेली मी एकदा तरी पाहिली होती का? आठवेना.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कानांना मफलर गुंडाळला आणि काही झालं तरी उतरायचं नाही असं कबूल करून घेतलं. ते बसून राहिले. गाडीने गाव डोक्यावर घेतलं आणि मोह यायच्या आधीच ती खरोखर बंद पडली. म्हणजे आवाज तिप्पट, आणि ओढ आधीपेक्षा कमी. सपाटीला मात्र ती छान पळत होती. शहापुरातल्या दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला की टू-स्ट्रोकचं निम्मं काम पाइपचा आकारच करतो; पाइप फार मोकळा असला की ताजं पेट्रोल जळायच्या आधीच बाहेर निघून जातं. एक म्हणे कोंडलंय म्हणून ताकद नाही, दुसरा म्हणे मोकळं आहे म्हणून नाही. मी दोघांपुढेही शहाण्यासारखी मान डोलावली होती.

शेवटी जुना सायलेन्सर शोधायला लागलो, तर तो सापडेना. बाबांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "राबात असंल." भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेवर आमच्याकडे शेण, पाला, गवत अंथरून वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात ते जाळतात. पाला वाऱ्याने उडत होता म्हणून बाबांनी वजनाला सायलेन्सर ठेवला, त्यावर माती टाकली आणि विसरून गेले. राब जळून दोन दिवस झाले होते. मी राखेत हात घातला. सायलेन्सरची चकाकी जाऊन तो निळा-जांभळा पडला होता. दगडावर आपटला तर आतून ओंजळभर काळे पापुद्रे निघाले.

दुसरा इलाज नव्हता, तोच लावला. आणि ती गाडी बाबांना घेऊन चढणीला लागली, मोहापर्यंत आली, मोह मागे पडला. मागचं वजन आता जाईल, आता जाईल म्हणून मी पाठ ताठ करून बसलो होतो. वर पोचल्यावर वळून पाहिलं. बाबा जागेवर होते.

"आज कण्हली नाय," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की शहापूरपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. कार्बन, तो जळाला, पाइप साफ झाला, वाट मोकळी झाली, पण नको तितकी मोकळी नाही. एरवी मी दवाखान्याबाहेर गाडीपाशी थांबायचो, त्या दिवशी त्या आनंदातच आत गेलो. नर्सने बाबांना वजनकाट्यावर उभं केलं. कार्ड पाहिलं. खाली उतरवून पुन्हा उभं केलं. मग कार्ड माझ्याकडे सरकवलं. दर आठवड्याचा आकडा आधीच्यापेक्षा खाली होता. हिवाळ्यापासून बाबांचं पाव पोत्याएवढं वजन उतरलं होतं, आणि मी इंजिनची ताकद मोजत होतो.

डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. ती खिशात घालून मी परतीच्या वाटेला लागलो. बाबा मात्र खुशीत होते, गाडी चांगली झाली असं दोनदा म्हणाले. उताराला लागल्यावर ते नेहमीसारखे माझ्या पाठीवर रेलले. मी ब्रेक दाबत होतो आणि त्यांचं वजन पाठीला जाणवतंय का ते बघत होतो, पण मला नीट कळेना.