परतीची गाडी

कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. छताचे पंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यात माल बाहेर पाठवण्याचं काम तिच्याकडे होतं आणि खुर्चीत ती क्वचितच दिसायची. "आमच्या घरातला पंखा कायम पाचवर," नवरा सांगत सुटायचा, "आणि बटण काही सापडत नाही."

प्रत्येक पंख्याला पुठ्ठ्याचं खोकं, आत थर्माकोल. दुकानात माल उतरला की दोन्ही कचऱ्यात. एकदा दुकानामागे तो ढीग जळताना तिने पाहिला आणि तिच्या डोक्यात किडा शिरला. मालकांच्या हात धुऊन मागे लागून तिने घडीचे प्लॅस्टिकचे क्रेट आणवले. माल क्रेटमधून जाईल, क्रेट परत येतील, पुन्हा भरले जातील.

क्रेट सुरू झाले आणि नणंद घरी आली. ती खोकी बनवण्याच्या कारखान्यात होती.

"वहिनी, आमची एक पाळी बंद झाली. तुमच्या क्रेटांमुळे."

"वन्सं, मला वाटलं होतं..."

"हो, तुम्हाला वाटलं." नणंद चहाला हात न लावता उठली.

तेव्हापासून भिंगरीला घास गोड लागेना. त्यात क्रेटही परत येईनात. "बाई, महिनाअखेरपर्यंत वाट बघतो," मालक म्हणाले, "नाहीतर पुन्हा खोकी." खोकी आली तर नणंदेची पाळी सुरू होईल, असं मनात यायचं. मग तो जळता ढीग डोळ्यांसमोर यायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी एका सकाळी ती ट्रकमध्ये ड्रायव्हरकाकांशेजारी चढून बसली. पहिल्याच दुकानात क्रेट सापडले. एकात कांदे भरलेले, दुसरा पालथा घालून त्यावर दुकानदाराचे म्हातारे वडील बसलेले.

"चोरले नाहीत हो," दुकानदार ओशाळला. "तुमची गाडी माल टाकते नि पळते. द्यायचे कुणाकडे?"

"मला थांबा म्हणालंय कुणी?" काका उखडले. "जरा उशीर झाला की फोन येतोच."

तो फोन तीच करायची. ती दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे गंजक्या पंख्यांचा डोंगर होता. नवा घेताना गिऱ्हाईक जुना इथेच टाकून जायचं.

"क्रेट नेताय तर हेही न्या की," दुकानदार वैतागून म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाही."

भिंगरी जागच्या जागी थबकली. मग बाह्या सरसावत म्हणाली, "काका, आज उशीर झाला तर होऊ दे."

जुन्या पंख्यांनी भरलेले क्रेट पाहून मालकांचं डोकं फिरलं. "भंगाराचं दुकान काढायचंय का?" तिने मिस्त्रींकडून एक मोटर उघडवली. आतलं तांबं वितळवून पुन्हा वापरण्याजोगं होतं. मालक जरा नरमले. "पण हे उघडत बसणार कोण? माझी माणसं रिकामी नाहीत."

ती तडक नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वन्सं, जुने पंखे उघडायला माणसं हवीत. तुमच्या पाळीतल्या निम्म्याच बायका घेता येतील."

"आणि उरलेल्यांना मी काय सांगू?"

"मला माहीत नाही."

"थाप तरी नाही मारलीत," नणंद म्हणाली. "कधी येऊ?"

आता क्रेट परतू लागलेत. रिकामा क्रेट कुणाच्या लक्षातही राहत नव्हता. जुन्या पंख्यांनी भरलेला अडगळ होतो, त्यामुळे दुकानदारच गाडीची वाट बघतो. सगळे काही येत नाहीत. म्हाताऱ्याच्या बुडाखालचा मागण्याचं धाडस कुणी केलेलं नाही.

कारखान्यामागच्या शेडमध्ये नणंद ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी स्क्रू काढते. भिंगरी येता-जाता डोकावते आणि उरलेल्या बायकांची चौकशी करते. काहींना दुसरीकडे काम मिळालं. एक मुलांना घेऊन शहर सोडून गेली. तिचा विषय निघाला की नणंद पुढचा पंखा ओढून घेते.