बाईच्या मुठीचा चाकू

सदतीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरातलं माझं काम एकच होतं, कोहळं फोडणं. लाल भोपळ्याला आमच्या भंडाऱ्याकडे कोहळं म्हणतात. अख्खं कोहळं बाईने फोडायचं नाही, पहिला वार घरच्या पुरुषाने करायचा, असा रिवाज. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फुकटचा मान कोण नाकारतो? आतून हाक यायची, "अवो, कोहळं!" मी छपरीतून, म्हणजे ओसरीवरून उठायचो, पेपर काखेत धरूनच आत जायचो, कोयत्याचा एक वार करायचो, कोयता खाली ठेवायचो आणि परत येऊन तीच बातमी पुढे वाचायचो. धारेची वस्तू हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं म्हणतात. आमची भांडणं तशीही व्हायचीच.

बाकीचं सगळं चिरणं तिचं. ती पावशीवर बसायची. पावशी म्हणजे तुमच्याकडची विळी. पाटावर एक पाय, वर उभं पातं, आणि दोन्ही हातांत धरलेली भाजी त्या पात्याकडे जायची. भेंडी असो की सांबार, म्हणजे कोथिंबीर, ती बोलता बोलता चिरायची आणि एकदाही खाली बघायची नाही. मी कचेरीत बाबू होतो, आयुष्यभर कागदं फाडली आणि जोडली, पण इतकी सरळ रेघ माझ्या हातून कधी गेली नाही.

गेल्या पोळ्यानंतर तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना ती चालू लागली, हात मात्र मांडीवर पडून राहिला. मुलगी पुण्याहून येऊन महिनाभर राहिली आणि तिच्या संसारात परत गेली. स्वयंपाकाला एक बाई लावली होती. तिला माझ्या बायकोने आठ दिवसांत पळवलं, तेही खाटेवरून न उठता, नुसत्या बोलण्याने. मग उरलो मी.

पावशीवर मला बसता येईना. गुडघे दुमडत नव्हते, आणि एकदा बसलो तर उठवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून चाकू घ्यायचं ठरवलं. चाकू घेणं म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटलं होतं.

पहिला भंडाऱ्याच्या बाजारातून आणला. चकचकीत, पातळ, प्लास्टिकच्या मुठीचा, पात्याला बारीक दात. दुकानदार म्हणाला, याला कधी धार लावावी लागत नाही. ते खरं होतं, कारण त्याला धार नव्हतीच. टमाटर त्याने चिरलं जाईना, फाटायचं. बायको खाटेवरून बघत होती.

"अवो, भेंडी चिरून राहिले का चेंदून राहिले?"

"चाकू खराब आहे."

"आज कोनता वार?"

शनिवार होता. शनिवारी कोणी लोखंड घरात आणतं का, यावर मग तासभर ऐकलं.

दुसरा आणला तो मोठा, जड, रुंद पात्याचा. तो बघून ती म्हणाली, "आता बकराबी आना." तिसरा मुलीने पाठवला. मखमली खोक्यात, वर परदेशी अक्षरं, लांब निमुळतं पातं. खरंच उत्तम चाकू होता, खोटं कशाला बोलू. कागद हवेत धरला तर कागद कापायचा. पहिल्याच दिवशी, कांदा चिरून पातं पुसताना, त्याने माझा उजवा अंगठाही चिरला.

अंगठ्याला पट्टी बांधली आणि जेवायची वेळ झाली. इथे एक सांगायला हवं. मी तिला दोन्ही वेळा घास भरवत होतो. डावा हात तिचा धडधाकट होता. पण डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. डॉक्टर सांगून थकले, व्यायाम शिकवणारी पोरगी सांगून थकली, की काकू, आता डाव्यालाच कामाला लावा, नाहीतर तोही सुस्त होईल. ती सगळ्यांना हो म्हणायची आणि ताट समोर आलं की डावा हात पदराखाली घ्यायची. चमचासुद्धा त्या हातात धरायची नाही. त्या दिवशी माझा उजवा पट्टीत होता, म्हणून मी डाव्या हाताने घास पुढे केला. तिने ओठ मिटले. मी म्हणालो, अगं माझा हात आहे, कोणा परक्याचा नाही. तिने मान फिरवली. शेवटी मी पट्टीच्या हातात कसाबसा चमचा धरून भरवलं, आणि ते तिने औषध घेतात तसं घेतलं.

मी थकलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. भात, वरण, भाजी, भांडी, तिची अंघोळ, तिच्या गोळ्या. त्या सगळ्याचा थकवा वेगळा, तो झोपलं की उतरायचा. न उतरणारा थकवा होता तो तिच्या गप्प बसण्याचा. आधी ती मला टोमणे मारायची, भेंडीवरून, मिठावरून, शनिवारावरून. मग हळूहळू टोमणेही कमी झाले. काहीही चिरून घातलं तरी गप्प खायची. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे बघेनाशी झाली. आयुष्यभर जिच्या बोलण्याला मी वैतागलो, तिने बोलणं सोडलं तेव्हा मला भीती वाटू लागली. माणूस असा आतून एकेक दिवा मालवत जातो, हे मी माझ्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं.

मोहाडीच्या आठवडी बाजारात एक म्हातारा लोहार बसतो. धान कापायचे विळे, कुऱ्हाडी, खुरपी. त्याच्यापुढे उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की एक तरी वस्तू या घरात नीट चालावी. चाकू हवा म्हणालो. त्याने तयार चाकू दाखवला नाही. ट्रकच्या कमानपट्टीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, एक तुकडा उचलून दाखवला.

"याचा करून देतो. दुकानातला पत्रा असते. हे लोखंड हाय."

"धार राहील?"

"दोन्ही अंगानं देतो. कसाबी धरा, तिरपा जानार नाही. महिन्यातून एकदा दगडावर घासा, तुमी जाल पन हा नाही जानार." मग त्याने विचारलं, "मूठ बाईच्या हाताची बसवू का मानसाच्या?"

माझ्या शेजारी कचेरीतले माझे एक जुने सहकारी विळा हातात तोलत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच, नुसतं पाहिलं. आणि मी, निवृत्त माणूस, दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारा, बायकोची वेणी घालायला शिकलेला, पटकन म्हणालो, "बाईच्याच. मला कशाला लागतो चाकू?"

पुढच्या बाजारी चाकू मिळाला. काळसर पातं, चकाकी नाही, बाभळीची छोटी गोल मूठ. माझ्या हातात ती मूठ लेकराच्या चमच्यासारखी हरवायची. करंगळी बाहेरच राहायची. पंधरा मिनिटं चिरलं की तळहातात पेटका यायचा. पण काय चालायचा तो! वांग्यातून जाताना आवाज नाही, टमाटरची साल दबत नाही, पातं तोंडाशी जड असल्यामुळे हाताला जोर लावावा लागत नाही. चांगला चाकू कसा ओळखायचा ते मला तेव्हा कळलं. वाईट चाकू तुमच्याकडून काम करून घेतो, चांगला स्वतः करतो. फक्त हा माझ्या हाताचा नव्हता, आणि त्याला कारण माझंच तोंड. बायकोला मी मुठीची गोष्ट सांगितली नाही.

मग एक दिवस आसगावच्या मेहुण्याने त्याच्या मळ्यातलं कोहळं पाठवलं. चांगलं मोठं, उन्हात पिकलेलं. त्या दिवशी सकाळपासून माझं अंग मोडून आलं होतं. रात्रभर तिचा पाय चोळला होता आणि पहाटे दूध उतू गेलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसली होती, कारण बाहेरच्या खोलीत मी नुकताच पोछा मारला होता. कोहळं मी तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"अवो, कोहळं," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. कितीतरी दिवसांनी काहीतरी आपणहून म्हणाली.

मी चाकू घेतला, एक वार केला, पात्यावर हात मारून कोहळ्याचे दोन भाग केले, चाकू तिच्यापुढे टेबलावर ठेवला, पेपर काखेत घातला आणि छपरीत येऊन बसलो.

मी खरंच विसरलो. तिचा हात, तिचा लकवा, गेले सगळे महिने, सगळं विसरलो. सदतीस वर्षं माझं काम तिथे संपत होतं, माझे पाय आपोआप बाहेर आले. इतका थकलो होतो की पेपर डोळ्यांपुढे धरून एक डुलकीही काढली.

टक्, टक् असा आवाज ऐकून जाग आली, आणि मग आठवलं. उठलो तो पेपर पायात अडकला. म्हटलं, आता बोट तरी गेलं असेल नाहीतर ती रडत तरी बसली असेल.

ती चिरत होती. कोहळ्याची अर्धी फोड तिने चिरलेल्या बाजूवर पालथी घातली होती, त्यामुळे ती हलत नव्हती. एवढं साधं मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. चाकू डाव्या हातात होता. ती बाभळीची मूठ तिच्या हातात अशी बसली होती की लोहाराने माप घेऊन केली असावी. आणि उजवा हात, तो मेलेला हात, तिने उचलून कोहळ्यावर ठेवला होता, पात्यापासून चांगला दूर.

मी पुढे झालो. "दे इकडे, लागेल तुला."

तिने वर पाहिलंच नाही.

"काहून आले? तुमचं काम झालं ना?"

"अगं पण डाव्या हाताने..."

"उजवा लावला हाय वरतं. चालते."

मी दारातच उभा राहिलो. पुढे जाऊन चाकू घ्यावा की नाही कळेना. मग छपरीत परत आलो आणि तोंडापुढे पेपर धरून रडलो. आतून टक् टक् येत होतं, मध्येच थांबायचं, मी अर्धवट उठायचो, पुन्हा सुरू व्हायचं.

जेवायला बसलो तेव्हा भाजीत काही फोडी कच्च्या होत्या, काही विरघळल्या होत्या. मी चिरल्या असत्या तर तिने पूर्वीसारखं ऐकवलं असतं. घास मीच भरवत होतो, ते काही बदललं नव्हतं.

"कशा झाल्या फोडी?" तिने विचारलं.

"वाकड्या," मी म्हणालो.

ती हसली. लकव्यानंतर तोंड एका बाजूनेच हसतं तिचं. घास गिळून झाल्यावर म्हणाली, "उद्या भेंडी आनजा. धुऊन देजा, चाकू खाली ठेवजा, अन् छपरीत जाऊन बसजा."