चाळलेलं पीठ

लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे शहरात यायला निघाले, त्या दिवशी एसटी यायच्या आत आईने माझ्या पिशवीतलं ज्वारीचं पीठ काढून घेतलं आणि त्या जागी वस्त्रगाळ केलेलं गव्हाचं पीठ भरलं. माणदेशात आमच्या घरी चपाती व्हायची ती पाहुणा आला तरच. "तितं भाकरी बडवत बसू नगंस," ती म्हणाली. "शेजारपाजारचं अडाणी म्हणत्याल." ती धास्ती पोटाशी धरूनच मी एसटीत बसले.

विठ्ठलवाडीच्या खोलीच्या भिंती पातळ. भाकरी थापली की पलीकडे ऐकू जाणार, म्हणून मी ती कधी थापलीच नाही. मऊ चपात्या, पॉलिशवाला पांढराशुभ्र तांदूळ, आणि चाळलेला कोंडा डस्टबिनमध्ये. आईला फोनवर ऐटीत सांगायचे, रोज चपाती खाते गं! तिलाही कोण आनंद व्हायचा. हातचं सोडून पळत्यापाठी लागलो आम्ही मायलेकी.

आता बाळकुमला टॉवरमध्ये राहते. मध्यंतरी रिपोर्टमध्ये शुगर निघाली. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे शुगरनेच गेले होते. शेवटी शेवटी मी बोलल्याशिवाय ते मला ओळखत नसत. त्यामुळे हल्ली जाग आली की आधी समोरच्या बिल्डिंगचं नाव वाचून बघते, मगच अंथरुणातून उठते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण भीती जात नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पीठ चाळू नका. ज्वारी, नाचणी खा, सोबत डाळ आणि पालेभाजी. पण भाकरी म्हणजे औषध नाही हं, गोळी सोडायची नाही. आणि भाकरीसुद्धा बेतानेच."

चक्कीवरून ज्वारी दळून आणली. थापायला घेतली तर परातीतच फाटली. दुसरीचंही तेच. एवढी मोठी बाई मी, रडकुंडीला आले आणि गावी आईला फोन लावला. पिठात पाणी उकळतं घालायचं की कोमट?

आई म्हणाली, "आता हितं कोण खातंय भाकरी? आपल्या रानात जोंधळा कुणी पेरीनाच. समदी चपातीच खात्यात." आणि आवाज खाली करून, "तुज्याकडं गावत आसंल तर मलाच धाड थोडं पीठ. मलाबी शुगर निघालीया. तुला भ्या वाटंल म्हणून बोलले न्हाई."

गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्या बायांनो, इथे काहीही बिघडलं तरी तिथे सगळं जागच्या जागी आहे, असं आपण धरून चालतो. मीही तेच धरून चालले होते.

पीठ पाठवलं, न चाळता. घर म्हणजे काय, असं आज कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल, की रोज चहाच्या आधी मी फोन लावते आणि विचारते, "आई, नीट दिसतंय ना गं?"

"दिसतंय की," ती म्हणते. "तुला?"