दोराला हात न लावणारे काका

शमुवेलकाकांची नि माझी ओळख माझ्या सोललेल्या तळहातांमुळे झाली. सोलापुरातल्या आमच्या चर्चची घंटा वाजवणारे गृहस्थ परगावी गेले होते आणि पाळकसाहेबांनी त्या रविवारपुरता दोर माझ्या हाती दिला. मी पहिल्यापासून उतावळा. सगळा जोर लावून ओढला आणि घंटेच्या झोक्याबरोबर दोर वर सरकू लागला तरी सोडला नाही. मागच्या बाकावरून एक बुटके गृहस्थ उठून आले, त्यांनी माझे हात नळाखाली धरले आणि म्हणाले, "ओढू नका. ती आपल्या पायानं परत येती की. तुमी निस्ती वाट बगा."

वाट बघणे मला अजून जमत नाही. हा लेखही तीनदा उठून, गच्चीत फेऱ्या मारून लिहितो आहे. त्याचे कारण पुढे सांगतोच.

काका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी चर्चच्या आवारात दर शनिवारी घंटा वाजवायला शिकवण्याचा वर्ग सुरू केला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घंटेच्या लोलकाला ते जुन्या चादरीची घडी बांधत. नवशिक्यांनी पहिले दोन महिने असे मुके ठोके द्यायचे. टेंभुर्णी, जेऊरकडूनही माणसे येत. प्रत्येकाच्या बसची वेळ काकांना पाठ असे. कुणी डबा आणला नसेल तर ते स्वतःची भाकरी मोडून अर्धी पुढे करीत, आणि नको म्हणायची सोय नसे.

पण त्यांचे खरे काम शिकवणाऱ्यांना घडवण्याचे. त्यांचा नियम एकच: शिकणाऱ्याने दोर धरला की शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. काय ते तोंडाने सांगायचे. शिकणारा चुकत असला तरी दोराला हात लावायचा नाही. ऐकायला सोपे वाटते. मी मात्र वर्षानुवर्षे या परीक्षेत नापास होत होतो, कारण कुणी जरा चाचरले की माझा हात आपोआप पुढे जाई. शिकवायची परवानगी मला हवी होती, आणि ती काका देत नव्हते. मनातून मी त्यांच्यावर रुसलोही होतो.

आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या वयाइतके ठोके देतात, सावकाश, वर्षाला एक. मंडळीतल्या एक आजी वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण करून गेल्या. दोरावर वर्गात शिकणाऱ्या स्नेहलताई होत्या, जुळे सोलापुरातल्या शिक्षिका. परीक्षा म्हणून काकांनी त्या दिवशी शिकवणाऱ्याच्या जागी मला ठेवले होते; मी शेजारी उभा राहून मनात मोजत होतो. एक्क्याऐंशी ठोके झाले आणि मला वाटले, ब्याऐंशी झाले. त्यांनी पुढच्या ठोक्यासाठी हात उचलताच मी दोर हिसकावला. "एक राहिला," त्या हळूच म्हणाल्या. मी मानले नाही.

बाहेर त्या आजींचे यजमान, आजोबा, बाकावर बसून बोटांवर मोजत होते. ते काकांना म्हणाले, "एक कमी पडला की वो. तिचं कुटलं वरीस गेलं?"

मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. काकांनी आजोबांचा हात धरून सांगितले की चूक शिकणारीची नाही, शिकवणाऱ्याची आहे. दुसऱ्या दिवशी ते मला आजोबांच्या घरी घेऊन गेले आणि क्षमा मागायला लावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे ठोके पुन्हा द्यायचे ठरवले. दोर स्नेहलताईंकडेच होता. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो, बोटे बधिर झाली, पण सोडली नाहीत. ब्याऐंशीवा ठोका पडला, तेव्हा आजोबांनी रुमालाने डोळे पुसले. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता तुमी शिकवा."

यंदा काका पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव समितीतल्या आमच्या एका नव्या मित्रांनी पंचाहत्तर ठोके द्यावेत असे हौसेने सुचवले. काका हसत म्हणाले, "म्हंजे मला घालवताय व्हय आजच?" सगळे हसले. मग मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "माझ्या येळेला दोर तुमच्या शिकणाऱ्याच्या हातात असू द्या. तुमी हात मागं ठिवा."

त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. इतरांच्या वेळी हात आवरेन. पण त्यांच्या वेळी मोजता मोजता शेवट जवळ येऊ लागेल, तेव्हा तो थांबवायला माझा हात पुढे जाणार नाही, याची खात्री मला देता येत नाही.

म्हणून काका, एवढेच मागतो. आपले गुडघे शाबूत राहोत, दर शनिवारी आपण वर्गाला येत राहा, आमच्या चुका काढत राहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी शंभराच्या पुढे मोजायला शिकवतो आहे. आयुष्यभर मी उतावळा राहिलो, पण त्या दिवसाची मला मुळीच घाई नाही.