निळ्या शर्टवाला उठला का?

मी नाशिकच्या सातपूरहून निघाले तेव्हा आईने नीट जेव म्हणून सांगितलं नाही, की पोचल्यावर फोन कर म्हणूनही नाही. दारात सुमो उभी होती. टपावरच्या बॅगांची दोरी माझे वडील, अण्णा, पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. माझा नवरा पराग पुढे बसून घड्याळ बघत होता, कारण कसारा घाटात काय होईल सांगता येत नाही. आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि मनगट काही सोडेना. "गर्दी दिसली की मागं फिर," ती म्हणाली. "कितीबी लोक हसू दे, नाचू दे. मागं फिरायचं. ऐकलं का?" गल्लीतल्या बायका हसल्या. टोरांटोला निघालेल्या मुलीला हा काय उपदेश! मी नाही हसले. ती कुणाबद्दल बोलतेय ते मला माहीत होतं.

तुमच्यापैकी जे मागे राहिलात त्यांना हे लगेच कळेल. जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना मात्र एका कॅसेटची हकिकत सांगावी लागेल.

माझा मोठा भाऊ संजूदादा माझ्या आधी, नव्वदच्या दशकात, नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेला. इंग्रजी गाण्यांचं त्याला भारी वेड. अण्णा कारखान्यातून पाळी संपवून आले की पहिलं वाक्य, "तो धिंगाणा बंद कर." तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दादाने एक व्हिडिओ कॅसेट पाठवली. दुष्काळाने मरणाऱ्या आफ्रिकेतल्या लोकांसाठी मोठमोठ्या रॉक गायकांनी स्टेडियम भरवून कार्यक्रम केला होता, जगभर टीव्हीवर दाखवला होता, तो कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेला. वर चिठ्ठी चिकटवलेली : आईलाही दाखवा.

आता आमच्याकडे व्हिडिओ कॅसेट म्हणजे लग्नाची. शेजारचे भामरे काका लग्नांचं शूटिंग करायचे, व्हीसीआर त्यांच्याकडेच. आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी कोण बघतं हो? आपण आपल्यालाच शोधतो. ती बघ मी, पंगतीत, तोंडात जिलबी! त्यामुळे आईचा हिशोब सरळ होता. मुलाने कॅसेट पाठवली म्हणजे मुलगा तीत असणार. नाहीतर पाठवेल कशाला? भामरे काकांच्या घरी ती टीव्हीच्या पुढ्यात फरशीवर बसली. गायकांकडे ढुंकूनही बघितलं नाही, नुसती गर्दी बघत राहिली.

आणि तिला तो सापडला. निळा शर्ट, शिडशिडीत अंग, कपाळावर केस. "त्यो बघ! संजू!" ती इतकी हसली की मलाही हसू आलं. पण तेवढ्यात त्या मुलाची मान कलंडली. मागची गर्दी लाटेसारखी पुढे आली, आणि कठड्यापलीकडच्या माणसांनी त्याला बगलेत धरून धान्याचं पोतं ओढावं तसं वरून ओढून काढलं. हात लोंबत होते. मग कॅमेरा गायकाकडे वळला. तो मुलगा पुन्हा काही दिसला नाही.

"मागं घ्या," आई म्हणाली. काकांनी मागे घेतलं. पुन्हा तेच. "परत घ्या." भामरे काका सटाण्याकडचे, घाबरले की अहिराणीत बोलायचे. "हाऊ संजू नई शे, वहिनी," ते म्हणाले. मीही म्हणाले, दादा नाहीये हा. पण चित्र भुरकट, चेहरा नखाएवढा, त्यावरून पांढऱ्या रेघा धावताहेत. खरं सांगते, नाही म्हणताना माझीच खात्री नव्हती.

देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की आम्ही दचकायचो, आई खुशाल भाजी निवडत राहायची. तिला भीती फक्त गर्दीची. लहानपणी निफाडहून गोदावरीच्या घाटावर स्नानाला आली असताना आजीच्या हातातून तिचा हात सुटला होता. संध्याकाळपर्यंत चौकीत बसून होती. सापडली, सगळं ठीक झालं, पण माणसांच्या पायांमधून दिसणारं जग काही ती विसरली नाही.

त्यात दादाचं पत्र बरेच दिवस नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून त्याच्या घरमालकिणीचा नंबर लावला. एक बाई म्हणाली, या नावाचं कोणी इथे राहत नाही. मी पुढे काही विचारायच्या आत फोन बंद. आई काचेबाहेर उभी होती, तिने माझं तोंड बघितलं आणि तिथेच पायरीवर बसली. पुढचे काही दिवस अण्णा कामावर जायचे आणि डबा तसाच भरलेला परत आणायचे. आई गॅसवर कुकर चढवायची आणि गॅस पेटवायचाच विसरायची. मला सारखं वाटायचं, आता दारात कोणीतरी येणार आणि चप्पल न काढताच उभं राहणार.

मग भामरे काकांकडे फोन आला. दादाचाच! आम्ही धावत गेलो. त्याने खोली बदलली होती, एवढंच. आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "डोक्याला लागलं का रे? उठून बसतोस ना?" त्याला आधी काही कळेना, आणि कळल्यावर तो इतका हसला की खोलीभर ऐकू आलं. "अगं आई, तो कार्यक्रम मी शाळेत होतो तेव्हाचा! तेव्हा मी तिथेच होतो, सातपूरला, तुझ्यासमोर!" सगळे हसत सुटले. अण्णा खाली बसले आणि टॉवेलने डोळे पुसायला लागले. आईने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "मग त्यो कोण होता?"

गल्लीला पुढे वर्षभर चेष्टेला विषय मिळाला. आईने मात्र ती कॅसेट कपाटात साड्यांखाली ठेवली. भामरे काकांनी एकदा एका साखरपुड्यासाठी मागितली, आधीचं पुसून त्यावरच उतरवतो म्हणाले. तिने दिली नाही. "पोरगं पडलंय त्यात," म्हणाली.

मी इथे आले आणि ती भीती बॅगेतून बरोबर आली. सबवेच्या प्लॅटफॉर्मवर माणसं दाटली की मी भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि गाडी सोडून देते. उन्हाळ्यात रस्त्यांवर फेस्टिव्हल असतात, पराग जातो, मी लॉण्ड्रीचं निमित्त काढते. तो मला भित्री भागूबाई म्हणतो. म्हणू दे.

या हिवाळ्यात त्याने एक डीव्हीडी आणली. एका शनिवारी सकाळी, बाहेर बर्फ, आमच्या बेसमेंटमधल्या घरात त्याने ती लावली. पहिल्याच मिनिटाला मी ते स्टेडियम ओळखलं. तो मुलगा पडला ते गाणं जवळ आलं तशी मी किचनमध्ये पळाले आणि धुतलेलीच भांडी धूत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, दाराची चौकट धरून उभी राहिले.

चित्र लख्ख होतं. तो मुलगा दादासारखा मुळीच नव्हता. पिंगट केस, पुढे आलेले कान. तरी मी चौकट सोडली नाही. मान कलंडली. ओढून काढलं. आमच्या कॅसेटमध्ये इथे कॅमेरा वळायचा. या डीव्हीडीत तो वळला नाही. मुलाला गवतावर निजवलं. एका बाईने कागदी पेला त्याच्या तोंडाला लावला. तो उठून बसला, पाणी हनुवटीवरून शर्टवर सांडलं, आणि तो हसला! मी चौकटीतच रडायला लागले. पराग घाबरून उठला.

नाशिकला दिवेलागण झाली असणार. मी फोन लावला. "आई, तो उठला."

"कोण?"

"कॅसेटमधला. निळ्या शर्टवाला."

"पाणी प्यायला?"

"प्यायला."

"मग? घरी गेला का?"

खोटं बोलणार होते, पण नाही जमलं. "नाही गं. हसत हसत परत गर्दीत गेला."

"जाणारच की," आई म्हणाली. "तुमी सगळे एका माळेचे मणी." आणि मग, "उद्या ती कॅसेट भामऱ्यांना देऊन टाकते. त्यांना लगीन उतरवायला होईल."

सातपूरचं आमचं घर आता मला नीटसं आठवतही नाही, भिंतींचा रंग कुठला ते विचाराल तर चुकेन. पण मी पडले तर जे माणूस कॅसेट मागं घेऊन घेऊन बघत बसेल, ते जिथे आहे ते माझं घर. भीती गेली असं म्हणणार नाही. अजून वाटते.

फोन ठेवण्याआधी मी तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते, गर्दी दिसली की मागं फिर. ती म्हणाली, "आन् हे बघ, गर्दीत जाशील तवा पाण्याची बाटली जवळ ठेवत जा."