शरयूबाईंना मिळालेला गृहपाठ

शरयू केळशीकर ही बाई हुशार, यात वादच नाही. पुण्यात बी.एड.ला पहिली आलेली. अमेरिकेत आल्यावर दोन पोरं सांभाळून जॉर्जियाची शिक्षक-परीक्षा एका दमात पास झाली आणि अ‍ॅटलांटाच्या उत्तरेकडच्या एका शाळेत आठवीला शिकवायला लागली. काय शिकवायला? तर जॉर्जियाचा इतिहास. कोकणातली बाई जॉर्जियातल्या पोरांना जॉर्जिया शिकवते, याचं नवरा पुरुषोत्तमला फार कौतुक होतं, पार्टीत दहादा सांगायचा. पण हुशार माणसं चूक करतात तीही अगदी तयारीनिशी करतात. शरयूनं तशीच केली.

ते वर्ष शहाऐंशी. डॉ. किंग यांच्या जन्मदिवसाची सुट्टी त्या जानेवारीत देशभर पहिल्यांदाच मिळाली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आठवीला तीन आठवडे नागरी हक्कांचा इतिहास घ्या. पुस्तकात त्याला जेमतेम अडीच पानं. वर्गात अठ्ठावीस मुलं, त्यातली नऊ काळी. शरयूच्या मनात आलं, इतिहास काय पुस्तकातूनच शिकायचा असतो? घरातून आणायचा. आणि घरात तिच्याकडे काय होतं, तर माहेरचा कुलवृत्तांत.

मराठी माणसाला हे सांगायला नको. कापडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ, मागं घडी घातलेली वंशावळ, मूळ पुरुषापासून चौदा पिढ्या, कोण कुठल्या गावाला गेला, कोणाला किती मुलगे. लग्नानंतर सातासमुद्रापार येताना लोक लोणच्याच्या बरण्या आणतात, हिनं हे आणलं होतं. तिनं ती वंशावळ फळ्यावर चिकटपट्टीनं लावली, कोपऱ्यातल्या वडलांच्या नावावर बोट ठेवलं आणि पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. मग गृहपाठ दिला. सगळ्यांनी आपापली वंशावळ काढून आणा, जितकी मागं जाईल तितकी छान. सगळ्यात लांब असेल ती भिंतीवर लावू.

शुक्रवारी एका मुलानं स्कॉटलंडहून पूर्वज आले त्या जहाजापर्यंत नेलेली वंशावळ आणली. दुसऱ्याची तर घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरून उतरवलेली, तिथं पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्म-मृत्यू टिपून ठेवतात. रेनीटा पिटमननं आणली ती चार ओळींची. रेनीटा म्हणजे त्या वर्गाचा जीव. हात कायम वर, बाई एक वाक्य बोलल्या की हिचे तीन प्रश्न. शरयूला ती मनापासून आवडायची, आणि इतिहास या पोरीनंच पुढं शिकावा असं तिनं पुरुषोत्तमला बोलूनही दाखवलं होतं. तर तिच्या चार ओळी अशा: वडील, आजी, आजीचे वडील, त्यांची आई ईस्टर, आणि त्याच्यावर प्रश्नचिन्ह. मागून कोणीतरी म्हणालं, "बस, एवढंच?" दोघंतिघं हसली.

शरयूनं हसणाऱ्यांना दटावलं, इथवर ठीक. पण मग अगदी मायेनं रेनीटाला म्हणाली, "काही हरकत नाही गं. घरी नीट विचार, मोठ्यांना नक्की आठवत असेल."

रेनीटानं कागदाची घडी घातली. त्या दिवसापासून तिचा हात वर झाला नाही. प्रश्न नाही, उत्तर नाही, नाव घेऊन विचारलं तर "माहीत नाही, मिसेस के." केळशीकर कोणाला म्हणता येणार तिथं, सगळे मिसेस केच म्हणत.

पुढच्या बुधवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. रेनीटाच्या आजीनं, मिसेस ऑडेसा पिटमन यांनी, तिला दुसऱ्या वर्गात घालायची मागणी केली होती. "त्या स्वतः निवृत्त शिक्षिका आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, तेव्हापासून एकतीस वर्षं शिकवलं त्यांनी. तुमच्या नोकरीचा प्रश्न नाही. पण सोमवारी मला मुलीचा वर्ग बदलावा लागेल. बोलून बघायचं तर तोवर बघा."

नोकरी सुरक्षित आहे हे ऐकूनही शरयूचा जीव काही भांड्यात पडला नाही. तिला ती पोर हवी होती. आपल्या हातून गप्प झालेली मुलगी तशीच दुसऱ्या खोलीत निघून जाणार, या कल्पनेनं तिला दोन दिवस जेवण गोड लागेना.

"जा आणि माफी माग," पुरुषोत्तम म्हणाला. "फक्त सोबत स्पष्टीकरण नेऊ नकोस."

"अहो, पण माझ्या मनात तसं काही..."

"हेच म्हणतोय मी."

तिनं फोन केला. मिसेस पिटमन म्हणाल्या, रविवारी चर्चनंतर या, आणि तो ग्रंथ घेऊन या. शरयू बेसनाचे लाडू आणि कुलवृत्तांत घेऊन गेली. सत्तरीला टेकलेली, ताठ बसणारी बाई. लाडवांचा डबा तिनं टेबलाच्या कडेला सरकवला आणि एक छायाप्रत पुढं ठेवली. अठराशे साठची गुलामांची सरकारी यादी. वर मालकाचं नाव, झोकदार अक्षरात. खाली ओळी: स्त्री, वय तीस. मुलगी, वय आठ. नावाचा रकानाच नाही.

"ती आठ वर्षांची माझी आजी ईस्टर असावी," मिसेस पिटमन म्हणाल्या. "तीस वर्षांची तिची आई. असावी, एवढंच म्हणता येतं. रेनीटा आणि मी दोन उन्हाळे शोधतोय. त्या मुलीनं तुमच्यासाठी घरी विचारलं नाही असं वाटलं तुम्हाला?"

शरयूला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली. स्पष्टीकरण जिभेवर आलेलं तिनं गिळलं.

मग म्हातारीनं कुलवृत्तांत उघडला. अक्षर कळत नव्हतं तरी एकेक पान उलटत राहिली. शिक्षिकाच ती, प्रश्न विचारल्याशिवाय थोडीच राहणार. यात बायका कुठं आहेत? शरयूनं दाखवलं, नवऱ्याच्या नावाखाली, कंसात, त्याही अलीकडच्याच. जमीन होती का? होती, नारळी-पोफळीची बाग. मग बागेत काम कोण करायचं? त्यांची नावं कुठल्या पानावर?

कुठल्याच पानावर नव्हती. आणि शरयूला, ध्यानीमनी नसताना, भागी आठवली. गावाबाहेरच्या वस्तीतून लाकडाची मोळी घेऊन यायची, मागच्या अंगणात लांब उभी राहायची. विहिरीला हात लावायची तिला परवानगी नव्हती. लहानगी शरयू तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, शिंतोडा अंगावर येऊ नये म्हणून फ्रॉक सावरून. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही, सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. तिनं ते मिसेस पिटमनना सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू आलं.

म्हातारीनं तिला रडू दिलं. मग लाडवांचा डबा जवळ ओढला, एक लाडू मोडून तोंडात टाकला. "हे वर्गात सांगाल? मुलांना जे विचारता, त्याचं उत्तर आधी तुम्ही द्यायचं. मग मी रेनीटाला हलवणार नाही. पण ती बोलेल की नाही, हे तिचं ती ठरवेल."

सोमवारी शरयूनं ते वर्गात सांगितलं. विहीर सांगितली, ओंजळ सांगितली, फ्रॉकसुद्धा सांगितला. माझ्या चौदा पिढ्या लांब दिसतात, कारण लेखणी आमच्याच हातात होती, म्हणाली. आणि रेनीटाची अख्ख्या वर्गासमोर माफी मागितली. मग पुस्तक उघडून धडा सुरू केला. पाच मिनिटं गेली असतील, नसतील.

रेनीटाचा हात वर झाला.

"तिचं पूर्ण नाव काय होतं, मिसेस के?"

"भागी म्हणायचो आम्ही. पूर्ण नाव... मला माहीत नाही."

"मग घरी विचारा," रेनीटा म्हणाली.

कोणी हसलं नाही. शरयूनं त्याच संध्याकाळी गावी धाकट्या भावाला, नंदूला, पत्र टाकलं. पुढं बावीस वर्षं तिनं त्या शाळेत शिकवलं. महाराष्ट्र मंडळात सत्कार झाला तेव्हा स्वच्छ बोलली की मला शिकवायला पुण्याच्या कॉलेजनं शिकवलं नाही, एका तेरा वर्षांच्या मुलीनं आणि तिच्या आजीनं शिकवलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्या मला सोडून देऊ शकल्या असत्या, म्हणाली, त्यांनी मला सुधारायची तसदी घेतली. मंडळातल्या बऱ्याच जणांना ते भाषण आवडलं नाही. नसेना का.

नंदूचं उत्तर त्याच वर्षी मार्चमध्ये आलं. शरयूनं ते न उघडता वर्गात नेलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. एक ओळ वाचायची, तिचं इंग्रजी करायचं. भागीरथी धोंडू तांबे. म्हातारी झाली आहे, पण आहे. डोळ्यांना कमी दिसतं. नात गावच्या शाळेत शिकते. पुढच्या ओळीवर शरयू थांबली.

"काय लिहिलंय?" रेनीटानं विचारलं.

शरयूनं ओळीवर बोट ठेवलं. "भाऊ लिहितो, मी तिला म्हटलं, ताईला तुझं पूर्ण नाव हवंय. तर घाबरली. म्हणाली, कशाला? माझं काय चुकलं?"

रेनीटाचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "आधी तिला कळवा, मिसेस के. तिचं काहीच चुकलं नाही म्हणून. आत्ता लिहा, आम्ही थांबतो."

शरयू टेबलापाशी बसली. आजवर फक्त आपल्या आईवडलांना आणि सासूसासऱ्यांना लिहिला होता तो मायना तिनं कागदाच्या माथ्यावर लिहिला: तीर्थरूप भागीरथीबाई यांस, शिरसाष्टांग नमस्कार.