आई फोटोत येत नाही

फोटोचा नाद लागलेल्या माणसाकडे चांगले फोटो कमी आणि किस्से फार जमतात. फोटो निदान डिलीट तरी करता येतात! अकोल्यात आम्हा चौघा दोस्तांचा कंपू आहे. दर रविवारी कॅमेरे बाहेर निघायच्या आधी चहावर किस्सेच निघतात.

आमचा प्रमोद वरूडच्या एका बागेत गेला. बागवाल्या काकांना म्हणाला, "उद्या सकाळी संत्र्यांचे फोटो काढतो." त्याला हवे होते दवाचे थेंब. सकाळी पाहतो तर काकांनी अख्ख्या झाडाचं एकेक संत्रं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडं पुसून ठेवलेलं! काकू मागून म्हणाल्या, "लग्नातल्या फोटोच्या टायमाले मले बी इतकं नाही सजवलं कोणी!"

सुधाकरभाऊ रिटायर झालेले. दरवर्षी पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातात. धुकं फाटून दरीत ऊन उतरतानाचा एक फोटो त्यांना हवा आहे. धुकं काही फाटत नाही. मागच्या खेपेला वहिनींनी एकेक फोटो पाहिला. सगळे पांढरे. "काहो, भिंतीचे फोटो काढाले इतक्या दूर जाता?" भाऊ यंदाही जाणार आहेत.

माझं म्हणाल तर नात्यातल्या एका लग्नात पाठवणीचे फोटो मीच काढत होतो. पोरीचा बाप तिच्या गळ्यात पडून रडला आणि नेमका माझा फ्लॅश उडाला नाही. मी बोलून गेलो, "काका, पुन्हा एकदा!" काका डोळे पुसत म्हणाले, "बापू, पोरगी का दोनदा पाठवू?"

एवढे फोटो काढले, पण आईचा एकही नाही. त्याची फार हळहळ वाटते. आई दर्यापूरला एकटी राहते. मी सणावारीच जातो, कारण रविवार फोटोंचा. गेलो की कॅमेरा डोळ्याला. आई लगेच तोंडावर पदर ओढते. "हार घालाची घाई झाली का तुले?" म्हातारपणी काढलेला फोटो भिंतीवरच जातो, हे तिच्या मनात पक्कं बसलं आहे.

या दिवाळीला मी हात जोडले. "आई, एकच. मले पाहाले पाहिजे."

"अन् मले?" ती म्हणाली. "तुहा एक तरी फोटो आहे का या घरात? आण तो डबा इकडे!"

मी अंगणात उभा राहिलो. तिनं दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोटोत माझा शर्ट, पॅन्ट, चपला. डोकं गायब! मी म्हटलं, "थांब, दुसरा काढू."

"कायले? हाच मोठा करून आण."

आणला. तिनं तो दारासमोरच्या भिंतीवर लावला. शेजारच्या मावशी हसायला लागल्या, "काहो बाई, पोराचं तोंडच नाही यात!"

आई म्हणाली, "तोंड पाठ आहे मले. पाय पाहा ना. घरी आलेले आहेत."